औटकी

रुमाल सोडला की आधी शिंका येतात,
मग साल दिसतं, मग गाव.
पुण्याच्या पुराभिलेखागारात रोज साडेदहाला
मी असं कुणाचं तरी गाठोडं उघडते.
मोडी वाचून देते, पानामागे पैसे घेते.

आजचा कागद कसब्यातल्या एका शाळेचा.
शाळा म्हणजे कासाराच्या दुकानामागची ओसरी,
मुलं सतरा, धूळपाट्या अकरा,
आणि विसोबा पंतोजी,
ज्याला घरटी पायलीभर जोंधळे मिळायचे, कधी नाहीही.
साहेब तपासणीला आला तेव्हा
गेनू काच्यानं औटकी म्हणून दाखवली:
सात औटं साडेचोवीस,
आठ औटं अठ्ठावीस,
न अडखळता,
मंडईत बापाच्या टोपलीशी बसून पाठ झालेली.

साहेबाचा शेरा कुणी कारकुनानं मोडीत उतरवलाय:
मुलांस हिशेब येतो.
टेम्स नदी कोठे वाहते हे येत नाही.
सबब शाळा निरुपयोगी.

मी मोठ्यानं हसले.
पाटणकरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

त्याच रुमालात, खालीच, दुसरा कागद:
कलेक्टर कचेरीस बारा मुले पाहिजेत.
अक्षर स्वच्छ, बालबोध.
सांगितले तितके लिहिणारी.
विचारण्याची खोड नसावी, असं काही त्यात नाही;
ते मी वाचलं, दोन ओळींच्या मधे,
आणि मोडीत तर ओळींच्या मधे जागाही फारशी नसते.

पैसा कुठून आला तेही आहे.
साऱ्यावर रुपयाला आणा.
मावळातल्या भातखाचरांनी भरला,
त्याच्या पुण्यात खिडक्या झाल्या, काचेच्या.
मावळात शाळा? पुढील सालाचे अंदाजपत्रकी पहावे.
पुढील साल या रुमालात नाही.

विसोबाची ओसरी चांगली होती असं मी म्हणत नाही.
पट वाचलाय मी.
सतरा नावांत महार नाही, मांग नाही, मुलगी नाही.
मी तेव्हा असते तरी तिथं नसते.
सरकारी शाळेनं लिहिलं, दार सर्वांस मोकळे,
आणि सटवा नावाच्या पोराला पडवीत बसवलं.
पडवीची नोंद खर्चात नाही,
पडवीला काय खर्च येतो?
पण तो पडवीतून शिकला,
हे कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हतं.
त्यांनीच मागितलेल्या त्या स्वच्छ बालबोधीत
त्यानं अर्ज लिहिला:
आत बसण्याची परवानगी असावी.
उत्तर सापडलं नाही. मी अजून शोधतेय.

चार वाजता शेवटचा कागद घेतला.
तेरा वर्षांनंतरचा, हडपसरच्या शाळेचा.
शेरा तोच, नदी तीच,
फक्त आता बालबोधीत, शब्द सुटे सुटे,
प्रत्येक ओळीवर पट्टीनं आखलेली रेघ.
सबब शाळा निरुपयोगी.
नक्कल करणार, गेनू बिन तुका काची,
दरमहा रुपये सात.

कागद बांधायला घेतला तेव्हा समासात काही दिसलं.
डाग वाटला आधी. खिडकीशी नेला.
मोडी होती, मुंगीएवढी,
हात न उचलता एका दमात लिहिलेली:

बे औटं सात.