प्रथम पुरुष, एकवचन

नियम साधा. पहिल्याच वर्षी घोटून घेतात:
'ती म्हणते' असं म्हणायचं नाही.
ती 'मी' म्हणाली की दुभाष्यानंही 'मी'.
मधे आपण नसतोच.
काच असते, कानावर फोन, पाण्याचा पेला,
आणि खोकला आला तर दाबायचं एक बटण.

जिनिव्हा. सकाळचे अकरा दहा.
पडद्यावर अद्रेच्या छावणीतली बाई,
मागे निळं प्लास्टिक, वाऱ्यानं फुगतं, बसतं.
खमीसा अब्दुलमौला. भूगोल शिकवायची. गाव जेनिना.
नावाखाली कुणीतरी टाइप केलं होतं: जिनिव्हा.
सभागृहात कुणाच्या लक्षात आलं नाही.
तिच्या आलं.
ती म्हणाली, म्हणजे मी म्हणालो,
नाही, मी म्हणाले:
जेनिना म्हणजे छोटी बाग. तुमचं ते वेगळं.

तीन मिनिटं होती.

थोरल्याला मी माझा तोब नेसवला,
मुलगी दिसावा म्हणून.
तिसऱ्या नाक्यापर्यंत दिसला.
तिथे त्यांनी त्याला नाव विचारलं.
त्याचा आवाज त्याच वर्षी फुटला होता.

हे मी बोलले
माझ्या बावन्न वर्षांच्या, सिगारेटनं खरवडलेल्या
बाप्याच्या आवाजात.

मग मी चालले. रात्रभर चालले, धाकटा पाठीशी बांधून.
वाटेवर पडलेल्यांच्या फक्त चपला बघितल्या,
चेहरे बघितले असते तर थांबावं लागलं असतं.
एक जोड माझ्या शाळेच्या शिपायाचा होता,
टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
सरहद्दीवर एक मुलगी वहीत मोजत होती,
तिनं विचारलं, किती जण?
मी दोन म्हणाले.
आणि धाकटा

लाल दिवा.
अध्यक्षांनी आभार मानले. मनापासून मानले, हेही सांगायला हवं.
क्रियापद यायचं राहिलं.
काचेआड मी तोंड उघडं ठेवून थांबलो,
जसं कुणी जिना संपल्यावर
आणखी एका पायरीसाठी पाऊल टाकतं.

पुढचा 'मी' खरं तर 'आम्ही' होता.
आम्ही तीव्र चिंता व्यक्त करतो.
आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत.
तो शब्द इथे लागू पडतो का, यावर
आमचे कायदेतज्ज्ञ विचार करत आहेत, घाई उचित नव्हे.
शेजारी बसलेली ऑदिल वहीच्या कोपऱ्यात काड्या मारत होती:
एकोणीस वेळा 'आम्ही'.
'आपण' साठी तिनं जागा सोडली होती. ती कोरीच राहिली.

मग तो उठला.
अरबी त्याची अशी नितळ, माझ्या आजोबांच्या पत्रांतली.
म्हणाला, असं काही घडलेलं नाही.
त्या बाईंना पढवून बसवलं आहे.
मी म्हणालो, असं काही घडलेलं नाही.
त्याच तोंडानं. पेल्यातलं पाणीसुद्धा तेच.
आवाज चढू दिला नाही, पडू दिला नाही,
त्याचेच तर पैसे मिळतात.
खोकला आला नव्हता.
बटण दाबलं.
चार सेकंद सभागृहाच्या कानात कुणीच नव्हतं.
एक-दोघांनी मान वर करून काचेकडे बघितलं,
एकानं फोनची वायर हलवून पाहिली.
पाचव्या सेकंदाला
मी पुन्हा सुरू झालो.

संध्याकाळी तळ्याकाठच्या बागेत
फुलांच्या घड्याळापाशी माळी वाकला होता,
मिनिटकाट्याखालचं तण उपटत,
काटा जवळ आला की हात मागे घेत.
मी एक ट्राम जाऊ दिली. मग दुसरी.

घरी किल्ली फिरेना.
आतून हनाननं विचारलं, कोण?
मी आले, मी म्हणालो.

दारापलीकडची पावलं
जरा थांबली.