मानपत्राचा मसुदा

पालिकेने कळवलंय: दोनशे शब्दांत बसवा,
शुक्रवारपर्यंत, खाली सही-शिक्क्याला जागा सोडून.
मी लिहिलं, "निसर्गरक्षणातील उल्लेखनीय योगदानाबद्दल"
आणि खोडलं.
माइमूला कुणी असं हाक मारलं
तर ती मागे वळून बघेल, कोण आलंय म्हणून.

एस्टोनियाच्या नकाशावर आमचं सोओत्सा घडीत येतं.
एका बाजूला जंगल, एका बाजूला तळं,
मधून डांबरी रस्ता.
एप्रिलमध्ये बर्फ खंगतो,
आणि एखाद्या ओल्या रात्री पारा पाचाच्या वर सरकला
की बेडूक निघतात
ज्या पाण्यात जन्मले त्या पाण्याकडे.
रस्ता झाला, हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

त्या रात्री हिल्लार फोन करत बसत नाही.
अंगणातला दिवा दोनदा मालवतो, दोनदा लावतो.
टेकडीवर लेइडाचा दिवा उत्तर देतो, मग आर्वोचा.
अर्ध्या तासात अकरा जण, पिवळी जाकिटं,
आणि बादल्या: रंगाची, आंबवलेल्या कोबीची,
एक तर कुणाच्या तरी बाळाच्या अंघोळीची.
वाकायचं, उचलायचं, ओंजळीत थंडगार, लिबलिबीत जीव,
पलीकडे जाऊन गवतात ओतायचं.
पुन्हा वाकायचं. पहाटेपर्यंत.
(लेइडाची कंबर एकाहत्तर वर्षांची आहे. हे लिहायचं की नाही?)

लहानगी केर्तू विचारते,
"बादलीत बसल्यावर त्यांना काय वाटत असेल?"
आर्वो म्हणतो, "बस चुकली नाही, असं."

दुधाचा टँकर चालवणारा वाहूर
आधी लांबूनच भोंगा वाजवत यायचा.
आता वळणावर इंजिन बंद करतो, खाली उतरतो,
आणि स्वतःच्याच टँकरपुढे बॅटरी घेऊन चालतो
चारशे पावलं, मग परत येतो,
मग पहिल्या गियरमध्ये, गाभण गाय नेल्यासारखा.
डेअरीवाले ओरडतात. तो म्हणतो, दूध काही पोहून जात नाही.

माइमूकडे वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
पहिलं पान: वाचलेले अठ्ठ्याऐंशी, मेलेले सहाशे बारा.
मागच्या वसंतातलं पान: वाचलेले दोन हजार एकशे चाळीस,
मेलेले सदतीस.
मी म्हटलं, सदतीस वगळू या, मानपत्रात बरं दिसत नाही.
ती म्हणाली, "मग बाकीचेही वगळ."

इथे मी पेन खाली ठेवलं.
कारण पहिल्या पानाच्या त्या वर्षी
मी याच रस्त्याने रात्री घरी जायचो, नवी गाडी होती,
आणि चाकांखालचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून
रेडिओ मोठा करायचो.
सहाशे बारांतले काही माझे आहेत.
किती, ते वहीत नाही.
माइमूला ठाऊक असावं. तिने कधी विचारलं नाही,
फक्त दर वर्षी माझ्या फाटकाशी
एक रिकामी बादली विसरून जाते.
आणि मी ती दर वर्षी, स्वच्छ धुऊन, परत करतो.

तळ्यावर सध्या नर निळे झालेत.
चार-सहा दिवसच असतात तसे,
जणू आभाळाचे तुकडे डबक्यात पडून भांडताहेत.
शहरातले फोटोवाले त्यांच्यासाठी येतात, दिवसा.
रात्री कोण येतं, ते वर लिहिलंच आहे.

तर मसुदा असा:
"सोओत्साच्या अकरा जणांनी रस्ता ओलांडून दिला.
सदतीस राहिले."
बाकी एकशे नव्वद शब्द मी परत करत आहे.

आणखी एक, समारंभाबाबत.
शुक्रवारी संध्याकाळी सात अंश आणि पाऊस सांगितलाय.
खुर्च्या मांडू नका, कुणी येणार नाही.
माझीही रजा टाकलेली आहे.
बादली यंदा अजून धुतलेली नाही.