पोतं वेदीपाशी

फादर दोन महिन्यांनी एकदा लाँचमधून येतात,
तेही समुद्राच्या मनात असलं तर.
मधल्या रविवारी चर्चची किल्ली माझ्याकडे,
वाचन माझ्याकडे,
शेगडीत लाकडं सारायचं कामही.
चिलोएच्या या बेटावर फिस्काल म्हणतात मला.
आधी नवरा होता. त्याच्यामागे त्याचा चष्मा
आणि हे काम, दोन्ही माझ्या नाकावर आलं.

फेब्रुवारी. बटाटे काढायचे दिवस.
ज्यानं त्यानं आपलं पहिलं पोतं आणून
वेदीपाशी टेकवलेलं. लसणाच्या जुड्या, शिंपल्यांची बादली,
डोन्या एउडोसियानं विणलेले मोजे.
मातीच्या वासापुढे धुपाचं काही चालत नव्हतं.

मी वाचू लागले.
दर तीन वर्षांनी येतं हे वाचन.
अर्पण घेऊन आलास, आणि इथं आठवलं
की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सलतंय,
तर ते तिथंच ठेव. आधी जा.

याआधी तीनदा मी या ओळीवरून
तापल्या तव्यावरून बोट न्यावं तशी भरकन गेले होते.
या खेपेला चष्म्यावर वाफ धरली.
थांबावं लागलं.
आणि थांबल्यावर ओळ काही पुढे सरकेना.

नीट पाहा, तुझ्या मनात राग असेल तर, असं नाही लिहिलेलं.
त्याच्या मनात असेल तर.
माझ्या मनात काहीच नव्हतं. कशाला असेल?
कुंपणाचे खांब मी हलवले होते,
आई गेली त्या हिवाळ्यात,
उबेरलिंडाच्या बाजूला. सात पावलं.

पुस्तक मिटलं.
‘आलेच,’ म्हणाले, घरी दूध उतू चालल्यासारखं.
मागून कोणीतरी, ‘पोतं नेतेस की काय?’
‘नाही. ते राहू दे म्हटलंय.’

ओहोटी होती म्हणून वाट होती.
खाडीचा चिखल, रविवारचे बूट,
काळ्या मानेचे हंस मान न वळवता बघत होते,
लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखे.
अकरा वर्षं ही वाट डोळ्यांनी रोज चालले.
पायांना ती नवी होती.
वाक्य जुळवत गेले. जुळलं, आणि चिखलात बूट रुतला
तेव्हा विसरलं.

उबेरलिंडा दारात, हातात लोकर विंचरायची फणी.
‘कोण गेलं?’
‘कोणी नाही.’
‘मग तुला कोणी पाठवलं?’
‘आजच्या वाचनानं.’
तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं.
‘आणि ते वाचन अकरा वर्षं कुठं होतं?’

मी म्हटलं, सात पावलं होती.
ती म्हणाली, नऊ.
मी म्हटलं, नऊ तर नऊ.

एवढंच. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही.
आत बोलावलं नाही, ताटलीभर काही पुढे केलं नाही.
वळले तेव्हा मागून आवाज आला,
‘खांब कुजलेत तसेही. नवे घालशील तेव्हा सांग.
दोरी मी धरीन. तुझ्या पावलांचा भरवसा नाही.’

भरती लागली होती.
घोट्यापर्यंत पाणी, मग गुडघ्यापर्यंत.
वाटलं, लोक केव्हाच पांगले असतील.
तर सगळे बसलेले. मेणबत्ती बोटभर उरलेली.
एउडोसियानं अर्पणातला एक मोजा परत घेऊन
टाचेचे सुटलेले टाके नीट केले होते.
कोणी काही विचारलं नाही.
चर्चच्या खिडकीतून पलीकडचा किनारा दिसतो.

माझं पोतं जागेवरच, जरा कलंडलेलं,
दोन बटाटे घरंगळून वेदीच्या पायरीखाली.
ओल्या झग्यानं गुडघे टेकून ते काढले,
त्याच झग्याला चष्मा पुसला
आणि बोटानं ओळ शोधली.
राहिलेले शब्द थोडेच होते,
मग ये, असे काहीतरी.
वाचताना आवाज बसला माझा.
पाणी फार गार होतं.