दोन बोटं कुंकू

मुराळी आला नाही यंदा, फोन आला.
तात्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः लावलेला,
म्हणून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग, "आखाजीले येशी ना?"
आणि माझ्या उत्तराची वाट न बघता,
"खापर फुटेल शे. मांडा इकत लयसूत."

खापर कसं फुटलं, मी विचारलं नाही.
कार्तिकात तिला नेलं तेव्हा
परसात भिंतीला टेकवलेलं होतं, धड.

धुळ्याची बस पारोळ्याला दहा मिनिटं थांबते.
पारोळा सुटलं की मी फोन करायची
आणि एरंडोलला ती चूल पेटवायची.
मी उंबरा ओलांडायला
आणि पहिला मांडा खापरावरून उतरायला
एकच गाठ पडावी, असा तिचा हिशेब.
यंदाही पारोळा सुटलं.
फोन हातात धरून बसलेली बघून
शेजारची बाई म्हणाली, रेंज नाही का?
नाही म्हटलं.

योगितावहिनीनं मांडे आणले बचत गटातून,
वर्तमानपत्रात घडी घातलेले, गार.
चांगले होते. पातळ. एकालाही भोक नाही.
आईच्या मांड्याला भोक असायचंच,
डाव्या अंगठ्याच्या जागी.
त्यातून रस गळायचा कोपरापर्यंत.

घागर लाल, अजून कुंभाराच्या वासाची.
वर छोटं मडकं, त्यावर खरबूज,
दोन सांजोऱ्या, एक आंबा, जरासा चेपलेला.
तात्या उंबऱ्याशी बसले, कुंकवात बोट बुडवून.
दर आखाजीला असेच बसायचे,
आणि ती मागून नावं पुरवायची,
त्यांच्याच घराण्याची, त्यांनाच.
सुका आप्पा. दगा बुवा. झेंडू काकू.
पाळण्यातच गेलेली यशोदा.
आणि एक सोनगीरवाली,
जिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं,
तरी तिचं बोट कधी चुकलं नाही.

यंदा तात्यांना तिघंच आठवले.
भिकनदादा म्हणाला, लिहून ठेवायला पाहिजे होतं.
मी म्हटलं, सोनगीरवाली.
"हां," म्हणाले, आणि ओढलं.

मग तिची पाळी आली.
तिला ते 'ओ' म्हणायचे, 'ऐकलं का' म्हणायचे,
चिडले तर 'भिकननी माय'.
बोटावरचं कुंकू सुकायला लागलं.
वहिनीनं वाटी पुढे सरकवली.
"विमल," म्हणाले,
रेशनच्या दुकानात वाचून दाखवावं तसं,
आणि एक बोट ओढलं.
आम्ही उठायला लागलो.
त्यांनी पुन्हा बोट बुडवलं.
"गोजर."

लग्नाआधीचं. मांडवातच बदललेलं.
मी ते फक्त मामाच्या तोंडून ऐकलेलं,
तेही बारशाला, मागच्या खोलीत.
वहिनी हळूच म्हणाली, तात्या, एकीला एकच बोट.
"नावं दोन व्हतात," ते म्हणाले,
आणि हात धोतराला पुसला.
तो डाग अजून आहे.

दुपारी पत्त्यांना गेले, चाळीस रुपये जिंकून आले.
जिंकलेलं ती दरवर्षी जप्त करायची,
पदराच्या गाठीत.
नोटा घेऊन तात्या घरभर फिरले,
देव्हाऱ्यापाशी, मसाल्याच्या डब्यापाशी,
तिचे लुगडे नसलेल्या वलणीखाली.
शेवटी घागरीखाली सारल्या.
संध्याकाळी त्या भिजलेल्या होत्या.

गल्लीत कडुनिंबाला झोका होता,
पोरी उशिरापर्यंत हसत होत्या.
मी गेले नाही. बोलावलंही नाही कुणी;
बोलवायची ती.

रात्री भांड्याचा आवाज झाला.
नवी माती पाझरते, हे मला ठाऊक आहे,
त्यांनाही. अख्खा जन्म माठातलं पाणी प्यायलेला माणूस.
घागर बोटभर उतरलेली.
दिवा न लावता त्यांनी तांब्या भरला,
खरबूज छातीशी धरून
हळू, सांडू न देता, ओतला.
मी जागी आहे हे बघून म्हणाले,
"उन्हाया भलता शे अवंदा."