रोजकीर्द

पहिली नोंद पेन्सिलीची आहे, तीही फिनिशमध्ये.
मला लागत नव्हती. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या
म्हाताऱ्या कोर्तेसोयाने चष्मा कपाळावर सारून वाचली:
'सौना, भाड्याने. सरपण वेगळं.'

म्हणजे हे चार मजली इस्पितळ
सरोवरकाठच्या एका वाफेच्या खोलीत सुरू झालं.
उकळतं पाणी आणि घासलेली फळी
एकत्र सापडेल अशी गावात तेवढी एकच जागा.

खाणीचा डॉक्टर होता. दरमहा डॉलर कापून
तो दुखापत बघायचा.
बाळंतपण ही दुखापत नव्हे, असं कंपनीचं म्हणणं.
मग कोर्तेसोयाची आजी, सायमा, बाह्या सारून उभी राहिली
आणि हिशेबही तिनेच लिहिला.
पानांच्या कडांना अजून डांबरी साबणाचा वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.

जमा: बटाटे, दोन पोती. ट्रेगियर.
जमा: वासरू एक. (पुढच्या पानावर खर्ची पडलं.)
जमा: मांदा ब्रायकोविच, रोख नाही, मंगळवारी फरशी पुसते.
या ओळीसमोर रकमेची जागा कोरी आहे.
किती लिहावं हे सायमाला कळलं नसेल,
किंवा चांगलंच कळलं असेल.

तापाच्या साथीच्या हिवाळ्यात सात पानं नुसत्या चादरींची.
गेल्या, आल्या. न आलेल्यांपुढे बारीक फुली.

मग तांबं संपलं. कंपनी डॉक्टरसकट निघून गेली,
मागे एक भोक ठेवून, आणि आठशे माणसं.
घरटी अर्धा डॉलर ठरला. जो तो कुरकुरत देत होता,
पण देत होता.
क्ष-किरणांचं यंत्र गोठलेल्या सरोवरावरून आलं,
ओस्कारीच्या घसरगाडीवर. काठाशी घोडी घसरली,
त्यामुळे या इस्पितळाने काढलेला पहिला फोटो
घोडीच्या पायाचा आहे. जिन्यात टांगलाय.
फी: माफ.

विटा नंतरच्या. वरचे मजले, डायलिसिसच्या खुर्च्या,
गच्चीवर हेलिकॉप्टरसाठी रंगवलेला गोल,
ते सगळं छापील अहवालात आहे, रंगीत.
अहवालात नाही ते पान दोनशे सहा:
यागोदा, मांदाची लेक. चाळीस दिवस. येणे एकशे बारा डॉलर.
त्यातल्या एकोणिसाव्या दिवशी मी जन्मले.

ते येणे कुणी मागितलं नाही, कुणी पुसलंही नाही.
दर वर्षी नव्या वहीत, वेगवेगळ्या अक्षरांत,
'मागील पानावरून' येत राहिलं.
कॉम्प्युटर आला तेव्हा जुनी बाकी गळाली.
मी रात्री थांबून ती पुन्हा चढवली.
पैसे सहज भरता आले असते. भरले नाहीत.
लेखापरीक्षक दर जूनला विचारतात, हे काय?
मी म्हणते, चालू खातं आहे.

गेल्या मार्चमध्ये बाळंतपणाचा विभाग बंद झाला.
वर्षाला एकेचाळीस जन्म, प्रत्येकामागे तोटा.
आकडे मीच काढून दिले. बरोबर होते.
आता कळा सुरू झाल्या की सत्तर मैल,
त्यात दोन पूल, आणि नोव्हेंबरपासून बर्फ.
हात मोडला तर मात्र इथे बघतात.

शुक्रवारी मी निवृत्त होते आहे.
नव्या मुलीला, रोवेनाला, खाती दाखवताना
तिचा बाण त्या ओळीवर थांबला.
'काढून टाकू?'
तिला सातवा महिना आहे.
मी म्हटलं, तुझं तू बघ.

सौना होती तिथे आता गाड्या लावतात.
चौदा नंबरच्या जागेवरचा बर्फ सगळ्यात आधी वितळतो.
खालून धोबीखान्याचा वाफेचा नळ जातो,
म्हणून.