चौऱ्याण्णव मार्क

बाटलीच्या गळ्यात कागदी बिल्ला: शंभरपैकी चौऱ्याण्णव.
किंमत पाच हजार चारशे.
कॅम्पातल्या या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा,
बाहेर रिक्षावाल्याला
"औषध घेऊन येते" असं सांगून.

एकतीस वर्षं मराठीचे पेपर तपासले.
चौऱ्याण्णव कोण देतं ते मला ठाऊक आहे:
ज्याचा गठ्ठा संपत आलाय,
किंवा ज्याला पोराचा बाप भेटून गेलाय.
निबंधाला मी वीसपैकी चौदाच्या वर कधी गेले नाही.
पंधरावा मार्क देवासाठी राखलेला,
आणि देव काही निबंध लिहीत नाही.

गल्ल्यावर बसवंत अनगोळकर, नववी ब.
"बाई, तुम्ही मला पस्तीस दिले होते."
"तेहतीस होते. वरचे दोन माझे."
तो हसला,
आणि लेबलावरचं इंग्रजी बोट ठेवून सांगू लागला:
पिकलेली चेरी. तंबाखू. ओलं चामडं. शेवटी मनुका.

चेरी मला माहीत आहे ती बेकरीतली,
पपईला रंग लावलेली.
खरं तंबाखू?
अरे, मी निपाणीची.
वखारीच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर,
पाळण्यातच शिंकायला शिकले.
चामडं म्हणशील तर मामाचं गाव अथणी,
सुट्टीभर चपलांच्या आळीतून येणंजाणं.
मनुका विजापूरच्या, ताईच्या सासरहून, डबाभर.
म्हणजे सगळा आपलाच मुलूख
कुठल्या फ्रान्सात जाऊन, बाटलीत बसून
पाच हजार चारशेला परत आलेला.

"आणि हीच बाटली चोर्ल्याच्या खाली, गोव्यात?"
"साडेतीन हजार." त्यानं आवाज उतरवला.
"घाट चढताना महागते, बाई."
आमच्याकडे रेषा ओलांडली
की पाटी बदलते, बसचा रंग बदलतो,
कंडक्टर दुसऱ्या भाषेत सुट्टे मागतो.
दारूनंच का मागं राहावं?

"तू सांग, घ्यावी का?"
"मी पीत नाही, बाई. महाग हाय, खरं चांगली हाय."

इथं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याहून आलेल्या हेडमास्तरांना
हे समजावण्यात माझं एक वर्ष गेलं.
आज माझं मलाच कळेना,
हा खरं म्हणतोय की खरं म्हणतोय.

घेतली.
एस्पेरान्सासाठी. गणित. स्टाफरूममधली शेजारची खुर्ची.
दर नाताळाआधी बरणीत द्राक्षं घालणारी,
आणि मी दरवर्षी नको नको म्हणत
दोन वाट्या संपवणारी.
परवा म्हणाली, एकदा ती भारीतली बघू या गं,
नुसतं वाचूनच मरायचं का?

बूच अर्धं आत पडलं.
स्टीलच्या पेल्यातून तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला,
पडद्याच्या कड्या मोजत राहिली.
"मला काहीच लागत नाही," म्हणाली.
"त्या सलाइननी जीभ गेली. तू पी, आणि सांग."

मग मी, जन्मभर दुसऱ्यांची विशेषणं खोडणारी,
दोन्ही हातांत पेला धरून बसले.
आंबट, म्हणाले. मग तुरट, अर्ध्या पिकल्या जांभळासारखं.
बरणीतल्या तुझ्या वाइनला गूळ जास्त असतो, ते इथं नाही.
मग वखार, एस्पी. दुपारची.
दार नुकतं उघडलंय,
बायका तोंडाला पदर बांधून बसल्यात,
उन्हाच्या तिरिपेत भुकटी तरंगतेय,
कुणीतरी शिंकतंय.

तिनं डोळे मिटले होते.
"पुढं?"
पुढं मला काही लागत नव्हतं.
खरं मी सांगत गेले.