कच्चा टाका

अठरा वर्षं मी त्याच्या पँटी शिवल्या
फाटाव्यात म्हणून.

मँचेस्टरच्या स्टुडिओत तळघरात, बॉयलरशेजारी
माझं मशीन. आडनाव टिपणीस,
म्हणजे टीप नावातच, असं मी समजावून सांगितलं
तेव्हा क्लिफ एंटविसल हसला नाही.
विनोद ऐकून तो कधीच हसत नसे,
मोजत असे.
"कितव्या टाक्याला फाटेल?" एवढंच विचारायचा.

बाकी साऱ्या शिवणी दुहेरी,
मागची तेवढी कच्ची: सैल धावदोरा, शेवटाला गाठ नाही.
शुक्रवारी रात्री साडेआठला तो पडलेलं नाणं उचलायला वाकायचा
आणि अर्धा देश सोफ्यावरून खाली.
टर्रकन.
आवाज खणखणीत यावा म्हणून मी कापड आदल्या दिवशी
तांदळाच्या पेजेत बुडवून वाळवायची.
हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

चहाची एक पिशवी तो तीन कपांना पुरवायचा.
कोट एकच, कोपरं विरलेली,
रफू माझ्याकडून, फुकटात.
कवडीचुंबक मेला, मी घरी म्हणायची.

एकदा पटकथेत फेटा आला.
तोंडाला तपकिरी रंग, मान डोलवत बोलायचं इंग्रजी.
फेटा मी बांधला. नीट बांधला,
माझ्या लग्नात बाबांच्या डोक्यावर होता तसा.
आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं, मी टाचणीकडे.
त्या रात्री तो वाकला.
पुन्हा वाकला.
तिसऱ्यांदा वाकला तेव्हा प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.
कार्यक्रम संपल्यावर जिना उतरून खाली आला,
पँट उलटी करून दिव्यासमोर धरली.
"दुहेरी," म्हणाला.
"हो," म्हणाले.
बॉयलर धडधडत राहिला.
माफी ना त्याने मागितली ना मी.
फेटा पुन्हा कधी आला नाही.

आणि हो, माझी बटणांची खाकी पाकिटं.
दर महिनाअखेर दहा-बारा कमी भरत.
मी पोऱ्याला बोलायची, बिचारा गॅविन,
एकदा रडवलासुद्धा.

क्लिफ गेला मार्चमध्ये. फ्लीटवुडला नेला,
जिथे त्याची आई धक्क्यावर हेरिंग साफ करायची
आणि बाप ट्रॉलरवर गेला तो आलाच नाही.
वारा असा की पाद्र्याचे कागद उडाले,
ट्राम थांबवून ड्रायव्हर टोपी काढून उभा.
मागच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका, कुणाला न ओळखणाऱ्या,
एकमेकींनाही नाही.
चहाच्या वेळी एकीने तोंड उघडलं, मग सगळ्याच बोलल्या:
बोट बुडाली त्या हिवाळ्यापासून घरभाडं,
मुलाचे बूट, प्रेस्टनच्या इस्पितळात
रक्त शुद्ध करायचं यंत्र, ज्यावर नावाची पाटी नाही.
दर महिन्याला फटीतून आत सरकवलेलं,
पत्र नाही, सही नाही.

मिसेस मॉड रिमर, वय एक्क्याऐंशी,
हिने पर्स उघडली.
"नवऱ्याच्या फोटोमागे ठेवलं होतं तीस वर्षं.
कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय. आम्हाला वाटायचं,
आशीर्वाद असेल, कुठल्यातरी जुन्या भाषेतला.
तुम्हाला येतं का वाचता?"

खाकी पाकीट. शाई उडालेली, अक्षर माझं.
खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.
ती थांबली होती, हातात बशी.

"काळी बटणं," मी वाचलं,
"चार भोकांची. अर्धा डझन."

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग हसली,
आणि तो आवाज मी ओळखला,
पेज लावलेल्या कापडाचा,
आधी एक टाका,
मग सगळे.